पीतबिंदू आणि विंगेतली खुर्ची

आमच्या ह्यांना पीतबिंदू झालाय ही बातमी भोपाळच्या इंद्रपुरीभर ह्यांनी स्वतःच पसरवली. मोतीबिंदू सगळ्यांनाच होतो, काचबिंदू मागच्या गल्लीत दोघांना होता, पण पीतबिंदू आमच्या ओळखीत कोणालाच नव्हता. त्यामुळे हे घाबरले होते खरे, पण सांगताना आवाजात थोडा रुबाबही होता. चारचौघांपेक्षा वेगळा आजार झाला की माणसाचं तसं होतं.

हे कारखान्याच्या टेस्टिंग विभागात होते. यंत्र तयार झालं की ते बाहेर पाठवण्याआधी चालवून बघायचं, काट्यांवर नजर ठेवायची आणि समाधान झालं नाही तर परत पाठवायचं, हे ह्यांचं काम. जन्मभर तेच केल्यामुळे समाधान न होण्याची ह्यांना सवय लागली. चहा, कुकरची शिट्टी, जावई, काहीही ह्यांच्याकडून पहिल्या फेरीत पास झालेलं नाही. निवृत्तीनंतर टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही लागूनच इंद्रपुरीत घर घेतलं. पत्ता बदलला एवढंच. कारखान्याचा भोंगा वाजला की हे अजूनही मनगटावरचं घड्याळ बघतात आणि भोंगा चुकला असेल तर तसं सांगतात.

मी टाउनशिपच्याच शाळेत भूगोल शिकवायची. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि माझं हसू त्याच्याही पुढे. दोन्हींबद्दल घरात तक्रारी आहेत. मी माहेरची इंदूरची, हे नागपूरचे, तेव्हा तक्रारींना तसाही तोटा नव्हता.

आता ह्यांच्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. टाउनशिपच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी एक तीन अंकी नाटक होतं आणि त्याचं प्रॉम्प्टिंग हे करतात. विंगेत डाव्या बाजूला एक पत्र्याची घडीची खुर्ची, मांडीवर नाटकाचं पुस्तक, वर टांगलेला एक मिणमिणता दिवा. आम्ही लग्न होऊन भोपाळला आलो त्या वर्षीपासून ती खुर्ची ह्यांची. नट बदलले, दिग्दर्शक बदलले, हॉलचे पंखे बदलले, खुर्ची तीच. आमच्या नटांनी पाठांतर कधीच सोडून दिलंय, कारण हे आहेत. मी दर वर्षी तिसऱ्या रांगेत बसते आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवते. ह्यांची जागा म्हणून. नाटक संपून पडदा पडला की हे घाम पुसत येतात, पर्स उचलून माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "चला, घरी." नवरा शेजारी बसून नाटक बघतोय असं सुख मला मिळालेलं नाही. ते मी दर वर्षी बोलूनही दाखवते.

त्या वर्षी श्रावणात कम्युनिटी हॉलमध्ये साठी उलटलेल्यांच्या डोळ्यांची एक तपासणी होती. नेहमीचं शिबिर नव्हे, एका मुलीचा अभ्यास होता. मुलगी भोपाळचीच, चष्मा लावणारी, आवाजाने फार गोड. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक पिवळा रंग असतो, तो डोळ्याला आतून गॉगलसारखा जपतो, आणि म्हातारपणी तो कोणाच्या डोळ्यात कसा पसरलेला असतो हे ती बघत होती. डोळ्यात थेंब नाहीत, सुई नाही, वर चहा आणि समोसा. आम्ही दोघं गेलो.

यंत्र म्हणजे एक काळा डबा. त्यात डोळा लावून बघायचं. आत एक उजेडाची टिकली, निळी-हिरवी, सारखी लुकलुकणारी. हातातलं बटण फिरवत जायचं आणि लुकलुक थांबली की सांगायचं. मग बाजूच्या लाल ठिपक्याकडे नजर लावायची आणि त्याच टिकलीची लुकलुक डोळ्याच्या कडेने बघून पुन्हा थांबवायची. मी म्हटलं, "थांबली." पुढची, "थांबली." झालं. चहा गरम होता तोवर मी बाहेर आले.

हे आत गेले आणि आतून आवाज येऊ लागले.

"अंकल, झिलमिल रुक जाए तो बोलिए."

"रुकी नहीं है."

"बिलकुल बंद नहीं होगी, अंकल. सबसे कम जहाँ लगे."

"सबसे कम क्या होता है? काँटा हिल रहा है मतलब हिल रहा है. इस मशीन का कॅलिब्रेशन कब हुआ था?"

मी दुसरा समोसा घेतला. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे बघत होते. खूप वेळाने ती मुलगी घामाघूम होऊन बाहेर आली आणि माझा कागद मला समजावून गेली. "आंटी, आपका पिगमेंट बढ़िया है. बीच में ऊँचा, किनारे की तरफ़ उतरता हुआ." कागदावर बारीक टोकाची टेकडी काढलेली होती. मला ती थेट मोदकासारखी दिसली. पिगमेंट वाढायचं असेल तर पालक, मेथी, मका खात जा, असं म्हणाली आणि परत ह्यांच्याकडे गेली. ह्यांच्या कागदावर मी नंतर पाहिलं, तर कडेला दोन उंचवटे आणि मध्ये खड्डा. मेदूवडा आडवा कापल्यावर दिसतो तसा.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. ती ह्यांनाही "पिगमेंट" म्हणायला लागली, तर ह्यांनी तिला अडवलं, "अंग्रेजी मत झाडो, हिंदी में बोलो." बिचारीने शुद्ध हिंदीत सांगितलं, "अंकल, आपके पीत बिंदु में रंग बीच में कम है, किनारे पर ज़्यादा." पुढे ती आणखी काय बोलली ते ह्यांनी ऐकलंच नाही. ज्या मराठी माणसाने मोतीबिंदू ऐकलाय, काचबिंदू ऐकलाय, त्याला पीतबिंदू म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. हे सरळ उठले आणि मला म्हणाले, "चल. मला पीतबिंदू झालाय."

मीही फसले, हे कबूल करते. मला पिगमेंट होतं आणि ह्यांना पीतबिंदू, असंच माझ्याही डोक्यात बसलं. भूगोलाच्या बाईला डोळ्यातलं काय कळणार?

शेजारीण नागपूरकडची, ह्यांच्या गावची म्हणून आमच्याकडे तिचा शब्द जरा जड. ती म्हणाली, "पीत म्हणजे पिवळं नं वहिनी? मंग कावीळच ती, डोळ्यात उतरली. पिवळं खाऊच देऊ नका ह्यांना." ह्यांना हा तर्क एकदम पटला. ज्याचा बिघाड, ते बंद करून बघायचं, ही टेस्टिंगची पहिली पायरी म्हणे. त्या दिवसापासून आमच्या घरात पिवळं बंद. वरणात हळद नाही. पोहे पांढरे. आंब्याचं लोणचं फडताळात मागे. भोपाळात मक्याचा हंगाम चालू, नाक्यानाक्यावर कणसं भाजताहेत, मी माहेरच्या सवयीने भुट्ट्याचा कीस केला, तर ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. ज्या पोरीने मका खा म्हणून सांगितलं तिच्याच तपासणीमुळे आमच्याकडे मका बंद झाला. मी एका गॅसवर माझं पिवळं वरण आणि दुसऱ्यावर ह्यांचं पांढरं वरण शिजवत होते आणि दोन्हींना बोलणी घालत होते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण बातमी मंडळापर्यंत गेली.

दिग्दर्शक एका संध्याकाळी घरी आले. ते कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य. सभ्य माणूस वाईट बातमी आणतो तेव्हा आधी चहाचं कौतुक करतो. चहाचं कौतुक झालं. मग म्हणाले, "आता तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. डोळे आधी. विंगेत उजेड कमी, तुम्हाला त्रास. ह्या वर्षी तुम्ही समोर बसून नाटकाचा आनंद घ्या न."

ह्यांनी नुसती मान हलवली. कॅलिब्रेशन नाही, शंका नाही, काही नाही. नुसती मान हलवली. मी ह्यांना कारखान्यातून निवृत्त होताना पाहिलंय. गळ्यात हार होता आणि हे हाराच्या दोऱ्याची गाठ नीट नाही म्हणून सांगत होते. तोच माणूस आता मान हलवत होता. मला फार वाईट वाटलं. कारखाना गेला, क्वार्टर गेलं, तेव्हा पत्र्याची ती एक खुर्ची होती म्हणून ह्यांचं भागलं होतं.

"मग प्रॉम्प्टिंग कोण करणार?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचे डोळे तर एकदम फर्स्टक्लास निघाले म्हणे मशीनवर."

म्हणजे ह्यांची खुर्ची काढून ती मलाच. मी नाही म्हणणार होते. पण हे पहिल्यांदाच बोलले. "हो म्हण. दुसऱ्या कोणाला दिली तर परत मिळायची नाही."

नाटकाचं नाव सांगत नाही. आम्ही त्याचं जे केलं त्यानंतर ते बरं दिसणार नाही. त्यात एक प्रसंग असा, की नायक इतकी वर्षं लपवलेलं गुपित तरुण मुलापुढे फोडतो. नायकाचं काम करणारे गृहस्थ पूर्वी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. भारदस्त, केसांना कलप, आणि पॉझ घेण्याबद्दल प्रसिद्ध. पहिल्या तालमीत ते पुढे आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी तुझा..."

आणि थांबले. मला वाटलं, विसरले. मी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाप आहे!"

हॉलच्या दारात चहा गाळत असलेला माणूससुद्धा वळून बघायला लागला. नायक खांद्यावरचा हात न काढता माझ्याकडे फिरले. "वहिनी, तो पॉझ होता!"

"मग तसं पुस्तकात लिहायचं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. ते दुसऱ्या अंकात खिडकीशी थांबले, मी तोंड घट्ट मिटून घेतलं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग टेबलाला एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला माझ्याजवळून जाताना ते ओठ न हलवता म्हणाले, "वहिनी, शब्द!"

वाचायला अक्षर अन् अक्षर दिसत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तेवढ्यात कोणीतरी माझ्या शेजारी खुर्ची ओढली. हे होते. घरी बसवेना म्हणून मागच्या दाराने आले असणार. मला म्हणाले, "पुस्तकाकडे बघ. मी सांगेन तेव्हाच बोल." आणि समोर नजर लावून बसले. नायक अडकले की हे कोपराने मला ढोसायचे आणि मी बोलायची. पॉझ असला की कोपर स्वस्थ. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाले, "पॉझ असला की छाती पुढे काढतो. विसरला की कोटाची बटणं चाचपतो. पुस्तक मधल्या नजरेने वाचायचं आणि माणसं कडेच्या नजरेने बघायची. तू दोन्ही पुस्तकातच घालतेस."

मला त्या कागदावरचा मेदूवडा आठवला. मधे खड्डा, कडेला भरगच्च. पुढे मी त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "आंटी, ऐसा कुछ साबित नहीं हुआ है!" न होऊ दे. मला पटलंय.

मग तसंच ठरून गेलं. विंगेत दोन खुर्च्या आल्या. मी डोळा, हे कोपर. दिग्दर्शकांनी आधी भुवया उंचावल्या, पण नाटक पुढे सरकायला लागलं तेव्हा खाली आणल्या. तालमीला जाताना आम्ही दोघं बरोबर निघायचो, येताना भांडत यायचो, की ढोसण्यात जोर किती असावा. माझ्या उजव्या दंडावर खरंच काळंनिळं पडलं होतं.

गणपती बसायच्या आधी एक दिवस हे एकटेच बाहेर गेले. "त्या पोरीला कॅलिब्रेशनचं विचारून येतो," म्हणाले. मी म्हटलं, बिचारीला जगू द्या. संध्याकाळी परत आले ते अगदी शांत. मी विचारलं, काय म्हणाली? "चालू आहे तिचा अभ्यास," एवढंच. जेवायला बसले, पांढऱ्या वरणाकडे बघून एक उसासा टाकला आणि मुकाट्याने भात कालवला. मला वाटलं, आजार वाढलाय, मला सांगत नाहीत. त्या रात्रीपासून मी ह्यांच्यावर जरा कमी ओरडायला लागले.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझ्या नेहमीच्या खुर्चीवर शेजारीण बसली होती. मी पहिल्यांदाच ते सगळं उलट्या बाजूने बघत होते. नटांच्या पाठीला लावलेल्या सेफ्टी पिना, रंगवलेल्या भिंतीच्या मागचे बांबू, एन्ट्रीच्या आधी देवाला हात जोडणारे नायक. तिसरी घंटा झाली. ह्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक सरळ केलं, दिवा थोडा माझ्या बाजूला फिरवला आणि पडदा उघडला.

दोन अंक बरे गेले. गुपिताचा प्रसंग आला. नायक म्हणाले, "मी तुझा..." आणि थांबले. छाती पुढे. कोपर स्वस्थ. मी ओठ दाताखाली धरले. ते थांबलेच. हळूहळू त्यांचा हात खांद्यावरून निघाला आणि कोटाकडे गेला. बटणं. कोपर दणकन लागलं. पण त्याच क्षणी समोरून, तिसऱ्या रांगेतून, आमच्या शेजारणीने न राहवून नागपुरी सुरात उत्तर दिलं, "बाप आहेस नं तू त्याचा, बोल नं आता!" आख्खा हॉल हसत सुटला. नायकही अनुभवी, तिच्याकडे हात करून मुलाला म्हणाले, "हो! साऱ्या जगाला ठाऊक आहे, तुलाच नव्हतं!" हे पुस्तकात नव्हतं. मी विंगेत पुस्तक तोंडावर धरून हसत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून इतकी हसत होते की डोळ्यांतून पाणी, आणि खुर्ची कुरकुरत होती. हे समोर स्टेजकडे बघत बसले होते.

नाटक संपल्यावर ती मुलगी मागे भेटायला आली. मीच पास दिला होता. हातावर प्रसादाचा मोदक, चेहरा खुललेला. म्हणाली, "आंटी, बहुत मज़ा आया! और अंकल की टेंशन भी दूर हो गई थी न? मैंने तो गणेश जी बैठने से पहले ही बता दिया था कि पीत बिंदु कोई बीमारी नहीं है. सबकी आँख में होता है. आपकी में भी है. रंग किसी का बीच में ज़्यादा, किसी का किनारे पर, बस."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पत्र्याच्या खुर्च्या मिटत होते. दोन्ही.

ती गेल्यावर मी सुरुवात केली. म्हणजे डोळ्यांना काहीही झालेलं नाही? म्हणजे खुर्ची त्याच दिवशी परत मागता आली असती? म्हणजे मी गणपतीचे सगळे दिवस दोन दोन वरणं शिजवत होते? आणि तुम्ही पांढरं वरण गिळत बसलात, तेही न बोलता? का?

"अगं, टेस्टिंगमध्ये एकट्याचं रीडिंग धरत नाहीत," हे म्हणाले. "एक बघणारा, एक सांगणारा लागतोच."

"इतकी वर्षं एकट्याचंच धरलं की!"

ह्यांनी मिटलेल्या खुर्च्या भिंतीला टेकवल्या, त्या नीट टेकल्यात का ते तपासलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं तू तिकडे हसायचीस ते मला विंगेत ऐकू यायचं. कुठल्या वाक्याला हसणार ते आधीच कळायचं मला. पण दिसायची नाहीस. ह्या वर्षी दिसलीस."

"तुम्ही तर समोर बघत होतात," मी म्हटलं.

"समोरच बघत होतो. कडेने दिसत होतीस."

मी पर्स शोधायला लागले, ती माझ्याच हातात होती. "चला, घरी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी एकच वरण केलं आणि त्यात हळद घातली. जरा जास्तच पडली. ह्यांनी काही न तपासता खाल्लं.